फिनेल नको, मग काय? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या टँकमधलं सामान निर्जंतुक करताना

आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. म्हणाले, "मॅडम, टँकमधले दगड आणि लाकडं धुण्यावर तासभर बोलण्यासारखं काही असतं का?" मी म्हटलं, असतं. माझ्या हातून एक धामण याच धुण्यापायी गेली आहे. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करते.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं होती. जखमी वन्यप्राण्यांच्या एका केंद्रात मी काम करत होते. शेतात फाळ लागून जखमी झालेली एक धामण वनखात्यामार्फत आमच्याकडे आली. चांगली सहा फुटांची. टाके घातले, हळूहळू जखम भरत आली. तिच्या पेटीत पेरूची एक जाड फांदी होती, लपायला एक खोकं होतं आणि पाण्याचं पसरट भांडं. मी ठरवलं, सोडण्याआधीचे दिवस तिला एकदम स्वच्छ जागेत जाऊ देत. कोपऱ्यात काळ्या फिनेलचा कॅन होता, फरशीला रोज तेच वापरायचो. बादलीत फिनेलचं पाणी केलं, फांदी रात्रभर त्यात बुडवून ठेवली. सकाळी नळाखाली भरपूर धुतली, दिवसभर वाळवली, नाकाशी धरून बघितली. वास जवळजवळ नव्हता. फांदी पेटीत ठेवली आणि वर उबेचा दिवा लावला, कारण थंडीचे दिवस होते.

तिसऱ्या दिवशी धामण तोंड उघडून श्वास घेत होती. पाचव्या दिवशी गेली. मी फांदी बाहेर काढली तेव्हा ती दिव्याखाली चांगली तापलेली होती, आणि तिला फिनेलचा भपकारा येत होता. थंड असताना लाकडाच्या आत दडून बसलेलं सगळं उबेनं बाहेर काढलं होतं. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी भरलेलं दिसलं. टाके मात्र छान जुळले होते.

एक खुलासा इथेच करते, नाहीतर शेवटी प्रश्नात येतोच. आपल्याकडचे देशी साप, घोरपड, पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव हे घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मी धामणीची गोष्ट सांगितली म्हणून कुणी धामण पाळायला जाऊ नका. घरोघरी आज जे दिसतात ते परदेशी प्राणी. लाल कानाचं कासव, बॉल पायथन, इग्वाना, लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन. त्यांच्यातल्याही अनेकांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती केली आहे असं धरून मी पुढे बोलते.

तर माझं चुकलं कुठे? फिनेल जंतू मारतं की नाही? मारतंच. पण फिनेल आपण कशासाठी वापरतो ते बघा. उघडी फरशी, वर पंखा, खिडकी उघडी, आणि आपण चपला घालून तिच्यावरून चालतो. टँकमध्ये यातलं काहीच नसतं. काचेची बंद पेटी, वरून दिवा, आत ओलावा. साप चोवीस तास पोट टेकवून त्याच वस्तूंवर पडलेला असतो. तो सारखी जीभ बाहेर काढतो ती वास घ्यायला. जीभ जे काही उचलते ते टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवते. म्हणजे फांदीवर जे राहिलं ते थेट तोंडात. कासवाचं तर विचारूच नका. ज्या पाण्यात बसायचं, त्यातच सगळे विधी उरकायचे आणि तेच प्यायचं. शिवाय बहुतेक सापांचं उजवं एकच फुप्फुस धड काम करतं, डावं नावापुरतं असतं. आपल्यासारखा श्वासपटल नावाचा पडदा त्यांना नसतो, त्यामुळे जोरात खोकून छातीतलं बाहेर काढणं त्यांना जमत नाही. आत गेलेला त्रासदायक वायू आणि त्यानं सुटलेलं पाणी आतच साचतं.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. "आम्ही नुसतं पाण्याने धुतो, केमिकल अजिबात नाही." तेही चालत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जंतू बऱ्याचदा मुक्कामाला असतो. प्राण्याला त्याचं काहीच होत नाही, ठणठणीत दिसतो. विष्ठेतून तो सामानावर येतो, सामानावरून हातावर, हातावरून पोळीवर. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली ती याच कारणाने. लहान मुलं ती इवलीशी कासवं सरळ तोंडात घालायची! पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, यांच्या बाबतीत हा जंतू साध्या जुलाबांवर थांबेल याची खात्री नसते.

म्हणजे धुवायला तर हवंच, आणि धुतलेलं प्राण्याला बाधायलाही नको. या दोन्हीचा मेळ घालायचा आहे आणि तोही घरातल्याच बाटल्यांवर. जमतं ते. फक्त क्रम मोडायचा नाही.

पहिली पायरी साबणाची. मी हे इतक्यांदा सांगते की माझी मुलगी मला चिडवते. ब्लीच घाणीवर काम करत नाही. करत नाही म्हणजे कसं, तर क्लोरीनला जंतू काय आणि विष्ठा काय, सगळं सारखंच. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्यावर तो खर्च होतो. वाळलेली विष्ठा, कात, कोको पीटचे कण, शेवाळ, यांच्यावरच तो संपून गेला की खालचे जंतू तसेच राहतात. ही गोष्ट फार जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. म्हणजे आपली ब्लीचिंग पावडरच म्हणा ना. बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत एकदम खाली आले. पण त्यातही हात घासायचे होते, नुसते बुचकळायचे नव्हते.

पाण्याच्या भांड्याच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना? माठ धुताना आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा थर आहे हा. जंतूंनी स्वतःभोवती विणलेलं ते घर असतं, आणि त्याच्या आत औषध सहज शिरत नाही. ते घासूनच काढावं लागतं. भांडी घासायचं साधं लिक्विड, कोमट पाणी आणि ताठ केसांचा ब्रश. ब्रश फक्त याच कामाचा, वेगळ्या रंगाचा घ्या. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. मग साबण पूर्ण धुऊन काढायचा. साबण का काढायचा ते पुढे सांगते.

आणि हे सगळं करायचं मोरीत किंवा गॅलरीत, वेगळ्या बादलीत. ओट्यावरच्या सिंकमध्ये नाही. तिथे आपण कोथिंबीर धुतो.

आता दुसरी पायरी. घरातल्या बाटल्यांची एक फेरी मारू.

काळं फिनेल आणि पांढरं फिनेल दोन्ही बाद. काळ्यात डांबरापासून निघणारे फिनॉल वर्गातले पदार्थ असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. दोन्हींचं तेल सच्छिद्र वस्तूत मुरतं आणि दिव्याखाली बाहेर येतं. डेटॉलची बाटलीही याच कपाटात ठेवा. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं, तेही फिनॉलच्याच नात्यातलं, आणि सोबत पाइन तेल. माणसाच्या जखमेसाठी ती कामाची बाटली असेल, टँकच्या सामानाला नको. सॅनिटायझर नको, त्यातलं अल्कोहोल पेट घेतं आणि जेलचा चिकट थर मागे राहतो.

लिझॉलसारख्या फरशीच्या द्रवात बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते जंतू चांगले मारतं, आणि प्राण्यांच्या दवाखान्यांतली बरीच औषधं याच कुळातली आहेत. पण दुकानातल्या बाटलीत सुगंध आणि रंगही घातलेला असतो, आणि औषध पृष्ठभागाला धरून बसतं. काच आणि गुळगुळीत टाइल असेल तर वापरा आणि तीन-तीन वेळा धुवा. लाकूड, माती, दगड यांना लावू नका. मघाशी साबण पूर्ण काढा म्हटलं ते यासाठी, की हे औषध आणि साबण एकमेकांना निकामी करतात. साबणाच्या पाण्यातच झाकणभर लिझॉल टाकून "दोन्ही कामं एकदम" करणारे असतात. त्यात दोन्हीपैकी एकही काम धड होत नाही.

हार्पिक. यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याचं नाव काढलं ते एकाच कारणासाठी. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. बंद मोरीत पाण्याच्या भांड्याचे पांढरे डाग हार्पिकने काढून लगेच वर ब्लीच ओतलं तर तुमच्या छातीत तोच जाणार. व्हिनेगर हेही आम्लच, म्हणून व्हिनेगर आणि ब्लीचही एकत्र नाही. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही नाही. इतकंच काय, कासवाच्या टँकमधल्या साचलेल्या घाणीत अमोनिया असतो. तिच्यावर तसंच ब्लीच ओतलं तरी डोळे चुरचुरतात. पुन्हा पहिली पायरी आली बघा, आधी घासा.

मग राहतं काय? साधं ब्लीच. लोकांना याचंच सगळ्यात जास्त भय वाटतं, आणि मला घरातल्या बाटल्यांमध्ये याचाच सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. कारण सोपं आहे. ब्लीच मागे तेल ठेवत नाही. काम झालं की धुतलं जातं, आणि उरलंसुरलं ऊन-वाऱ्यात मोडून जातं. आपण २०२० मध्ये याच सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे रस्त्यारस्त्यांवर बघितले. तेव्हा एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं होतं की हे माणसांवर मारू नका. प्राण्यांवरही मारायचं नाही. प्राणी दुसऱ्या खोलीत, झाकणाच्या हवेशीर डब्यात ठेवायचा आणि सामान मोरीत न्यायचं.

बाटली घेताना मागे सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं बघा. सुवासिक नको, दाट केलेलं टॉयलेटचं नको, कपड्यांचं पातळ साधं घ्या. डाग काढायच्या ज्या ऑक्सिजनवाल्या पावडरी मिळतात ते वेगळं प्रकरण आहे. एका गृहस्थांनी तर महिनाभर निळीच्या पाण्यात गुहा बुडवली होती, "पांढरं करतं ना" म्हणून. (हशा) हसू नका, बाटल्या दिसायला सारख्याच असतात.

ताज्या ब्लीचमध्ये साधारण चार ते पाच टक्के हायपोक्लोराइट धरा. एक लिटर थंड पाण्यात ३० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचं मोजायचं झाकण असतं ना, त्यानं मोजा, आणि ते झाकण परत औषधाच्या बाटलीला लावू नका. नेहमीच्या कामाला हे पुरतं. प्राणी आजारी होता किंवा सामान दुसऱ्याकडून आलंय, तर एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी. पाणी गरम नको, त्यानं क्लोरीन उडून जातो आणि डोळ्यांत जातो. द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी वापरायचं. काल उरलेलं आज नाही. बाटलीसुद्धा गॅलरीच्या उन्हात वर्षभर पडली असेल तर तिच्यात निम्मं तरी बळ उरलंय का, शंकाच आहे. गावाकडे ब्लीचिंग पावडर मिळते. ती ताजी आणि कोरडी असेल तर लिटरला पाच ग्रॅम, ढवळून, खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी घ्या. पावसाळ्यात उघड्या पिशवीत ढेकळं झालेली असेल तर सोडून द्या.

सामान पूर्ण बुडवून दहा मिनिटं. घड्याळ लावा. हा आकडा लोक सगळ्यात जास्त चुकवतात. फवारलं, पुसलं, झालं! औषधाला जंतूला भेटायला वेळ तर द्याल की नाही? पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. हातमोजे घाला, खिडकी उघडा, जुने कपडे घाला. डाग पडले तर मला फोन करायचा नाही.

मग धुणं. वाहत्या पाण्याखाली, उलटंसुलटं करून, भोकांतून पाणी जाऊ देऊन. नंतर एकदा स्वच्छ पाण्यात बुडवून तासभर. कासववाल्यांसाठी आणखी एक. मासे विकणाऱ्या दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. शेवटच्या पाण्यात ते टाकलं की उरलेला क्लोरीन जागेवर संपतो. आणि कासवाच्या फिल्टरचा स्पंज मात्र ब्लीचमध्ये घालू नका. त्यात पाण्यातला अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू असतात. तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, बस.

यानंतर वाळवणं. ही पायरी कुणी पायरी म्हणून मोजत नाही, पण अर्धं काम तीच करते. पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर बहुतेक जंतूंना तग धरता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दोन दिवस गच्चीवर ठेवलं की झालं. पंचाईत जुलैत होते. पुण्यात जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे ओंडका काय वाळणार? ओलं लाकूड आत ठेवलं की चार दिवसांत पांढरी बुरशी. म्हणून मी सांगते, सामानाचे दोन जोड ठेवा. एक आत, एक वाळत.

आणि आत ठेवण्याआधी माझी धामणीनंतरची परीक्षा. वाळलेली वस्तू झाकणाच्या डब्यात बंद करा. डबा अर्धा तास उन्हात किंवा दिव्याखाली ठेवा. मग उघडून लगेच वास घ्या. वास घेणारा माणूस धुणारा नको, त्याचं नाक सकाळपासून मेलेलं असतं. शेजारच्या काकूंना बोलवा. त्यांना काही वास आला तर पुन्हा धुणं आणि पुन्हा ऊन. ही परीक्षा मी त्या वेळी केली असती तर फिनेल तिथेच पकडलं गेलं असतं.

आता वस्तूवस्तूत फरक करावा लागतो. काच, चिनी माती, कडक प्लास्टिक यांचं सोपं आहे, वर सांगितलं तसं करा. प्लास्टिकची पानं आणि वेली यांच्या सांध्यात घाण बसते, सुटी करून घासा. रेझिनच्या गुहा, त्या कवटीच्या वगैरे मिळतात त्या, उकळायच्या नाहीत, वितळतात किंवा रंग सोडतात. रंग उडायला लागला असेल तर फेकाच. मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा किंवा नारळाची करवंटी लपायला फार छान. पण धुवायची कशाला? करवंटी आपल्या घरात दर आठवड्याला निघते. जुनी टाका, नवी ठेवा.

दगडाबद्दल दोन शब्द. आपला काळा बेसाल्ट घट्ट असेल तर उत्तम. कोकणातला जांभा सुंदर दिसतो, पण तो स्पंजासारखा आहे. आत गेलेलं काहीही बाहेर येत नाही. टँकला जांभा नको. दगड उकळताना थंड पाण्यात ठेवूनच गॅस लावा आणि हळूहळू तापवा. ओढ्यातला दगड थेट ओव्हनमध्ये किंवा निखाऱ्यावर ठेवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटतो, आणि फुटतो म्हणजे उडतो.

लाकूड ही खरी डोकेदुखी. लाकूड स्वतःच सेंद्रिय, त्यामुळे ब्लीच त्याच्यावरच खर्च होतं, उरलेलं आत मुरतं. म्हणून लाकडाला मी ब्लीच शक्यतो लावत नाही, उष्णता देते. मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळायचं. लहान तुकडा असेल तर आपल्या घरात एक फार भारी यंत्र आहे, ज्याच्याकडे आपण यंत्र म्हणून बघतच नाही. प्रेशर कुकर! शिट्टीच्या दाबाला आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. दवाखान्यात आम्ही शस्त्रं निर्जंतुक करतो ते यंत्र तत्त्वतः हेच करतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, मग अर्धा तास. पाणी भरपूर घाला. लाकूड जुन्या सुती कापडात बांधा, नाहीतर सालीचा तुकडा शिट्टीच्या भोकात अडकतो आणि मग तुम्ही वर्तमानपत्रात. आणि कुकर जुना, याच कामाचा. ज्यात वरण लावतो तो नाही. हे घरच्यांना न सांगता करणारेही मला माहीत आहेत.

उकळायला न मावणाऱ्या ओंडक्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं, तितकंच पाणी घालून तीन टक्के करा. घासलेल्या ओंडक्यावर ओतून वीस मिनिटं ओलं ठेवा. ते मोडून शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो, मुरलं तरी चिंता नाही. आणि लाकूड निवडताना पेरू, आंबा, चिंच यांच्या फवारणी न केलेल्या फांद्या घ्या. देवदार, चीड यांचं वासाचं लाकूड नको. ते धुवून काय उपयोग, वास त्यांचा स्वतःचाच आहे.

हे सगळं किती वेळा करायचं? रोज नाही. विष्ठा दिसली की उचला, पाण्याचं भांडं रोज घासा आणि आठवड्याला ब्लीच करा. बाकी सामान निरोगी प्राण्याचं असेल तर महिन्यातून एकदा पुरे. मीही एकेकाळी आठवड्याला सगळं उपसायचे. सापाला त्याची जागा वासाने ओळखू येते. सगळं एकदम धुतलं की तो रात्रभर काचेला नाक घासत फिरतो. आता मी एक वस्तू मुद्दाम न धुता ठेवते, पुढच्या खेपेला तिची पाळी.

मला वाटतं आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून: कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतलं तर?)

हा प्रश्न आला नाही असं एकही गाव नाही. कडुनिंबाला मी नावं ठेवणार नाही. पण किती पाला, किती वेळ, कुठले जंतू मेले, याचं मोजमाप तुमच्या पातेल्यात नसतं. त्या पाण्यानं काम झालं असेल तर ते उकळत्या पाण्यानं झालं असेल. तेल तर अजिबात लावू नका, ते मुरतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचंही तेच. फेस खूप येतो, समाधान मिळतं. व्हिनेगरचा खरा उपयोग काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग काढायला. ते काढा, स्वच्छ धुवा, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी.

(श्रोत्यांमधून: आमची मुलगी चार वर्षांची आहे. तिला कासवाच्या टँकचे दगड धुवायला फार आवडतात.)

तिला दगड वाळत घालू द्या. धुवायचं काम मोठ्यांचं. तुम्हीही शेवटी हात साबणाने वीस सेकंद धुवा, आणि कासव स्वयंपाकघरात फिरायला सोडू नका. कासव गोड असतं, मान्य आहे. पण पाच वर्षांची होईपर्यंत मी मुलीला त्याला हात लावू देणार नाही.

(श्रोत्यांमधून: माझा लेपर्ड गेको मागच्या महिन्यात गेला. खात होता, तरी शेपूट वाळत वाळत काडीसारखी झाली होती. आता दुसरा आणायचा विचार आहे. टँक आणि सामान ब्लीचने धुतलं तर चालेल ना?)

थांबा. याचं उत्तर नीट ऐका. तपासणी झाली होती का? नाही. शेपूट काडीसारखी होण्याची कारणं बरीच असतात, पण त्यातलं एक म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. सापांना होतो तो पोटात, मधला भाग सुजतो आणि खाल्लेलं उलटून पडतं. गेकोला आतड्यात होतो. त्याची अंडीसदृश कवचं विष्ठेतून बाहेर पडतात, आणि त्या कवचाला ब्लीच काही करू शकत नाही. म्हणजे मी आत्तापर्यंत ज्याचं इतकं कौतुक केलं ते इथे कामाचं नाही. याच कुळातला माणसांना होणारा परजीवी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून आला आणि चार लाखांच्या आसपास लोक आजारी पडले. तिथेही क्लोरीन होताच.

त्याला मारते उष्णता आणि पूर्ण कोरडेपणा. तेव्हा तुमच्यापुरतं असं करा. लाकूड, करवंटी, कोको पीट, प्लास्टिकच्या वेली, सगळं टाका. दुधाच्या पिशवीसारख्या जाड पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. भंगारवाल्याला नको, कुणाला फुकट देऊ नका, हौशी लोकांच्या गटावर "वापरलेलं सामान" म्हणून विकू तर मुळीच नका. चिनी मातीचं भांडं आणि घट्ट दगड उकळून घ्या, दहा-पंधरा मिनिटं. काचेचा टँक साबणाने घासा, उकळतं पाणी एकदम ओतलं तर काच तडकेल, म्हणून आधी कोमट, मग गरम, असं वाढवत न्या. नंतर झाकण काढून गच्चीवर उन्हात काही आठवडे कोरडा पडू द्या. चिमटा आणि ब्रशही नवे घ्या, आणि नवा गेको आणाल तेव्हा त्याची विष्ठा आधी तपासून घ्या. दुसरे गेको घरात आहेत का? दोन? मग घरी जाऊन आधी त्यांच्या शेपट्या बघा.